चेंडू खांद्याने नव्हे, पायाने फेकावा

क्रिकेट आपल्या घराघरांत शिरले आहे. कबड्डी आणि खोखो तर येथल्या मातीतलेच. परंतु ‘सॉफ्टबॉल’ म्हटले की वडीलधारी मंडळी जरा गोंधळतात. “मऊ चेंडूचा खेळ, नव्हे का फादर?” असे एका आजीबाईंनी मध्यंतरी आम्हांस विचारले. नाव मऊ खरे. चेंडू मात्र आता मुळीच मऊ राहिलेला नाही. परिघाने सुमारे १२ इंच आणि वजनाने पावणेदोनशे ते दोनशे ग्रॅमच्या दरम्यान असा तो टणक गोळा एकदा नडगीवर बसला, म्हणजे नावावरचा विश्वास उडतो. १८८७ साली अमेरिकेतील शिकागो शहरी, थंडीच्या दिवसांत एका बोट क्लबच्या दालनात अडकून पडलेल्या तरुणांनी बॉक्सिंगचा हातमोजा बांधून त्याचा चेंडू केला व झाडूच्या दांड्याने तो टोलवला, तेव्हापासून हा खेळ सुरू झाला. त्या हातमोज्याचा मऊपणा तेवढा नावात उरला आहे. पुढे १९९६ पासून २००८ पर्यंत चार ऑलिंपिकांत मुलींचा सॉफ्टबॉल खेळला गेला, मग वगळला गेला, २०२१ मध्ये टोकियोस पुन्हा आला, आणि २०२८ मध्ये लॉस एंजेलिसला पुन्हा होणार आहे. आपल्याकडे शालेय क्रीडास्पर्धांत त्यास स्थान आहे, आणि महाराष्ट्रात जळगाव, अमरावती या बाजूस तो चांगला रुजला आहे. आमच्या सिल्वाशातही शाळेच्या मैदानावर आता संध्याकाळी बॅटीचा टणत्कार ऐकू येतो.

हे सारे प्रास्ताविक झाले. या वेळी हा विषय आम्ही घेतला तो एका मुलीच्या खांद्यामुळे.

सुमारे महिन्यापूर्वी एक माता आपल्या मुलीस घेऊन आमच्याकडे आली. मुलगी १४ वर्षांची, अंगाने सडपातळ, शाळेच्या संघाची पिचर. वडील येथल्याच एका सुताच्या कारखान्यात पाळीने कामास जातात. माता म्हणाली, “फादर, सकाळी वेणी घालायला बसते, अन् हात वर नेला की आई गं म्हणते. खेळ सोड म्हटलं तर रडते. तुम्हीच सांगा तिला.” मुलगी खाली मान घालून उभी होती. माता पाणी पिण्यास आत गेली, तेव्हा ती हळूच म्हणाली, “फादर, हात दुखतो ते सरांना सांगू नका हं. मग ते दुसरीलाच उभी करतील.”

निवडचाचणी दीड-दोन महिन्यांवर आली होती. निवड झाली तर पोर आयुष्यात प्रथमच आगगाडीने दूरच्या गावी खेळावयास जाणार. वडिलांनी कारखान्यातल्या सोबत्यांस ते सांगूनही टाकले होते. अशा वेळी खेळ सोड म्हणणे सोपे, आणि दुखणे दाबून खेळत राहा म्हणणे त्याहूनही सोपे. आम्ही दोन्ही म्हटले नाही. प्रथम डॉक्टरांकडे पाठविले. खांद्यात काही तुटलेफाटले नव्हते. दंडाच्या पुढच्या बाजूचा स्नायू जेथे खांद्यास जोडला जातो तेथे सूज होती. दहा दिवस चेंडू हाती धरू नये, असे डॉक्टरांनी सांगितले. ते दहा दिवस तिला दहा वर्षांसारखे गेले असतील; परंतु ते तिने पाळले.

सेमिनरीत असताना आम्ही हा खेळ काही वर्षे खेळलो आहोत व नंतर त्याविषयी वाचीत आलो आहोत, म्हणून अकराव्या दिवशी संध्याकाळी आम्ही मैदानावर गेलो. त्यापूर्वी तिच्या सरांना भेटलो व दुखण्याची गोष्ट तिच्या देखतच सांगितली. सर भला माणूस आहे. शाळा सुटल्यावर, कोणताही जादा मोबदला न घेता, तो या मुलींना खेळवितो. तो रागावला नाही. एवढेच म्हणाला, “फादर, मला ठाऊक असतं तर थांबवलं असतं. पण दुसरी पिचर आहे कुठे माझ्याकडे?” या प्रश्नाकडे आपण पुढे येऊ.

पिचर म्हणजे काय, हे न खेळलेल्या वाचकांस थोडक्यात सांगावयास हवे. मैदानाच्या मध्यावर एका वर्तुळात ती उभी असते. मोठ्या मुलींच्या खेळात तेथून बॅटवालीपर्यंत ४३ फूट अंतर असते. तेथून तिने चेंडू खालून फेकावयाचा. क्रिकेटच्या गोलंदाजाप्रमाणे डोक्यावरून नव्हे. हात पवनचक्कीच्या पात्याप्रमाणे पुढून वर, वरून मागे आणि मागून खाली असा फिरतो, व मांडीजवळून चेंडू सुटतो. सुटताना हात कमरेच्या खाली असला पाहिजे, व दीड फेऱ्यांहून अधिक तो फिरवता येत नाही, असा नियम आहे. खालून फेकलेला चेंडू हळू जात असेल असे कोणास वाटेल, तर त्याने हे ध्यानात घ्यावे की २०१२ साली मोनिका ॲबट या अमेरिकन खेळाडूने ताशी सुमारे १२४ किलोमीटर वेगाने चेंडू फेकल्याची नोंद आहे. चांगल्या पिचरचा चेंडू अर्ध्या सेकंदाच्या आत बॅटवालीपाशी पोहोचतो. त्यातच, चार चेंडू योग्य टप्प्याबाहेर गेले की बॅटवाली न खेळता पहिल्या बेसवर चालत जाते. म्हणजे नुसता वेग असून भागत नाही. असा सामना सात डावांचा, आणि प्रत्येक चेंडू तिनेच टाकावयाचा. आठ जणी वाट पाहतात, एकटी पिचर सतत राबते.

हात खालून फिरतो, म्हणून तो नैसर्गिक आहे, त्यास इजा व्हावयाची नाही, अशी एक समजूत पूर्वीपासून चालत आली आहे. तिचे आम्हांस मोठे भय वाटते. कारण या समजुतीमुळेच पिचर मुलीचे चेंडू कोणी मोजीत नाही. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये पिचर मुलींचे जलद चित्रण करून संशोधकांनी हिशेब केला, तेव्हा चेंडू टाकताना खांद्याच्या सांध्यास शरीराच्या वजनाच्या सुमारे ८० टक्के इतकी ओढ बसते असे आढळले. ४५ किलो वजनाच्या आमच्या मुलीस हेच प्रमाण लावले, तर चेंडूगणिक ३६ किलोंचे पोते कोणी तिच्या हातास क्षणभर लोंबकळावे असा प्रकार झाला. शाळकरी पिचर मुलींवर केलेल्या अभ्यासातही ही ओढ कमी आढळली नाही. दंडाच्या पुढच्या स्नायूस तर डोक्यावरून फेकण्यापेक्षा खालून फेकताना अधिक काम पडते, हेही आता मोजून सिद्ध झाले आहे. आमच्या मुलीचे दुखणे नेमके त्याच स्नायूचे होते.

मग ही ओढ सोसावी कशी? वाचकांपैकी ज्यांनी राखणीच्या दिवसांत माळ्यावर उभे राहून गोफण फिरविली आहे, त्यांस याचे उत्तर पुस्तकाहून आधी कळेल. गोफणीत खडा घालून ती फिरविणारा मनुष्य दोरी आखडून धरीत नाही. तो पाय रोवतो, कमरेतून झोका देतो, दोरीस आपल्या गतीने फिरू देतो, आणि नेमक्या क्षणी एक टोक सोडून देतो. खडा शेताच्या पलीकडे जातो तो दोरीच्या बळाने नव्हे. दोरीला बळ असते कोठे? ती फक्त अंगातले बळ खड्यापर्यंत पोचविते. पिचरचा हात म्हणजे ही दोरी होय. ज्या मुली हातालाच बळ समजतात व दात आवळून तो हाणतात, त्या गोफणीची काठी करतात.

आमची मुलगी हेच करीत होती. वडिलांच्या मोबाइलवर, संथ गतीने दिसेल असे तिचे चित्रण आम्ही तिच्या उजव्या बाजूने घेतले. (ज्या पालकांपाशी असा मोबाइल असेल त्यांनी मुलीचा खेळ बाजूनेच टिपावा, समोरून घेतलेले चित्र शेजाऱ्यांस दाखविण्यास छान दिसते, पण त्यातून काही कळत नाही.) चित्रात चार गोष्टी दिसल्या. तिचे पुढचे पाऊल आखूड पडत होते व रेघ सोडून उजवीकडे जात होते. अंग कमरेत वाकून पुढे झुकत होते. कोपर काठीसारखे ताठ राहत होते. आणि चेंडू सुटतेवेळी ती मनगट मुद्दाम फिरवून हात हनुवटीपर्यंत झटक्याने वर ओढीत होती. त्यामुळे चेंडू वरच्या वर निघून जाई. तीन-तीन, चार-चार चेंडू कॅचरच्या डोक्यावरून गेले, म्हणजे ती अधिकच जोर लावी. जोर लावला की पाऊल आणखी आखूड पडे.

चार दोष दिसले म्हणून चार सूचना एकदम द्याव्यात, हा शिकविणाऱ्यांस नेहमी होणारा मोह आहे. मैदानाच्या कडेला उभे असलेले काका-मामा तर पाचवी सूचनाही करतात. चेंडू हातातून सुटावयास जेवढा वेळ लागतो तेवढ्यात मुलीने चार गोष्टी कशा आठवाव्यात? आम्ही सरांशी बोलून असे ठरविले की पहिला आठवडा फक्त पायाचा. मनगट, कोपर, खांदा हे शब्दही कोणी उच्चारावयाचे नाहीत. कारण, आमच्या मते, मूळ दोष पायात होता व बाकीचे तीन त्याची पोरे होती. डावे पाऊल रेघेच्या उजवीकडे पडले की कंबर वाटेत येते. कंबर वाटेत आली की हातास तिला वळसा घालून जावे लागते. वळसा घालणारा हात लवचिक राहू शकत नाही.

रंगाऱ्याकडचा थोडा चुना आणून आम्ही पिचरच्या पट्टीपासून होमप्लेटपर्यंत सरळ रेघ मारली. त्या रेघेवर, तिच्या उंचीहून किंचित कमी अंतरावर, एक आडवी खूण केली. चेंडू नाही, बॅट नाही, समोर कोणी नाही. उजव्या पायाने पट्टीस रेटून पुढे उडी घ्यावयाची, आणि डावे पाऊल खुणेजवळ, रेघेवरच, चवडा किंचित उजवीकडे वळवून टेकवावयाचे. एवढेच. पहिल्या दिवशी तिला हे अपमानास्पद वाटले असावे. संघाच्या पिचरने चुन्याच्या रेघेवर उड्या माराव्यात, आणि कुंपणाबाहेर मुले हसत उभी! परंतु चौथ्या दिवशी चुन्यात उमटलेली पावले तिने स्वतःच मोजली, वीसपैकी सतरा रेघेवर पडली होती, आणि नंतर हसणाऱ्यांकडे तिचे लक्ष राहिले नाही.

याच आठवड्यात दुसरी एक गोष्ट आपोआप जुळून आली. पाऊल लांब पडू लागले तशी तिला पुढचा पाय घट्ट रोवावा लागला. हा पुढचा पाय म्हणजे ब्रेक आहे. एस.टी. भरधाव चालली असता चालकाने ब्रेक दाबला म्हणजे उभा असलेला प्रवासी पुढे फेकला जातो; गाडी थांबते, पण तिची गती प्रवाशाच्या अंगात उतरते. पिचिंगमध्ये असेच एकामागून एक ब्रेक लागत जातात. पाय थांबतो, गती कमरेत येते. कंबर थांबते, ती खांद्यात. मग दंडात, कोपरात, मनगटात आणि शेवटी बोटांतून चेंडूत. बैलाचा आसूड ज्याने ओढला आहे त्यास ठाऊक असते की मूठ थांबल्याखेरीज टोक कडाडत नाही. पुढचा गुडघा लेचापेचा राहिला, तर पहिलाच ब्रेक लागत नाही. मग जी गती पायांनी द्यावयाची ती खांद्यास एकट्याने निर्माण करावी लागते. तेथून दुखणे सुरू होते.

दुसऱ्या आठवड्यात हात घेतला. यासाठी घड्याळ डोळ्यांपुढे आणावे. मुलीच्या उजव्या बाजूस उभे राहून पाहिले, तर तिचा हात सहावरून निघतो, समोर तीनवर येतो, डोक्यावर बाराला पोहोचतो, मागे नऊवर उतरतो आणि पुन्हा सहावर येतो. म्हणजे घड्याळ उलटे चालते. हात बारावरून खाली उतरू लागला की डावे पाऊल जमिनीस लागलेले असावे. नऊ वाजेपर्यंत ते लागले नसेल, तर उशीर झाला. आम्ही बाजूस उभे राहून मोठ्याने “बारा!” म्हणत असू व ती त्या शब्दावर पाऊल टेकी. फेरी सरळ राहावी म्हणून शाळेच्या भिंतीस उजवी बाजू करून, भिंतीपासून वीतभर अंतरावर उभी राहून तिने रिकामा हात फिरविला. बोटे भिंतीस घासली की फेरी वाकडी झाली, हे सांगावयास कोणी लागत नाही, भिंतच सांगते.

सर्वांत अवघड जागा नऊपासून सहापर्यंतची. येथे कोपर किंचित वाकलेले असावे, आणि खाली येताना कोपर पुढे, हात मागे, असा क्रम असावा. दंड बरगड्यांजवळ येतो, कोपरापुढचा हात कमरेस ओझरता घासून जातो, आणि त्या स्पर्शाच्या क्षणी चेंडू सुटतो. हा स्पर्श चुकून झालेला नसतो. तोच शेवटचा ब्रेक असतो. आमच्या मुलीस कमरेस हात लागणे म्हणजे दोष वाटत होता व तो टाळण्यासाठी ती अंग वाकवीत होती! स्पर्श झाला तरी चालतो, नव्हे झालाच पाहिजे, हे कळल्यावर तिची पाठ आपोआप सरळ झाली.

मनगटाविषयी आमचे मत थोडे निराळे आहे, व ते आम्ही स्पष्ट सांगतो. पुष्कळ ठिकाणी नवशिक्या मुलींकडून नुसते मनगट झटकण्याचा सराव शेकडो वेळा करून घेतात. हात अंगालगत स्थिर ठेवून, फक्त मनगटाने चेंडू उडवावयाचा. या सरावाने मनगट दुखते, याखेरीज फारसे काही पदरात पडते असे आम्हांस वाटत नाही. वरून कोपर नीट आले, तर मनगट आपणहून वळते; आणि कोपर नीट आले नाही, तर मनगटाच्या कसरतीने त्याची भरपाई होत नाही. चेंडू सुटल्यावर हात हनुवटीशी ओढून आणण्याची सवयही अशीच. सुटलेल्या चेंडूला हात कोठे गेला ते कळत नाही. हात सैल सोडावा, तो जेथे थांबेल तेथे थांबू द्यावा.

तिसऱ्या आठवड्यात चेंडू आला. प्रथम १५ फुटांवरून, मग २५, मग ३५. पूर्ण अंतरावरून तिने शेवटच्या तीन दिवसांतच टाकले. वेग वाढला की नाही, हे मोजण्याचे यंत्र आमच्यापाशी नाही. कॅचर मुलगी मात्र हातमोजा काढून तळवा चोळताना दिसली, आणि चेंडू तिच्या डोक्यावरून जाण्याचे बव्हंशी थांबले. वेणी घालताना आता दुखत नाही, असे मातेने आम्हांस मंदिराच्या पायरीवर सांगितले.

आता सरांचा प्रश्न. दुसरी पिचर कोठे आहे?

जपानची युकिको उएनो हिचे नाव सॉफ्टबॉल खेळणाऱ्या मुलींच्या तोंडी असते. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये तिने दोन दिवसांत तीन सामने टाकले, एकूण ४१३ चेंडू, आणि अमेरिकेस हरवून जपानला सुवर्णपदक मिळवून दिले. तेरा वर्षांनी टोकियोस, वयाच्या ३९ व्या वर्षी, अंतिम सामन्यात तीच पुन्हा उभी राहिली व जपान पुन्हा जिंकले. हा पराक्रम आमच्या मुलीनेही ऐकला होता. “फादर, तिने चारशे टाकले की!” असे ती म्हणाली. आम्ही तिला उएनोचे वय विचारले. ते तिला ठाऊक नव्हते. बीजिंगमध्ये ती २६ वर्षांची, पूर्ण वाढ झालेली, अनेक वर्षे तयार होत आलेली खेळाडू होती, आणि ते दोन दिवस तिच्या आयुष्यातले अपवादाचे दिवस होते. चौदाव्या वर्षी हाडांची वाढ चालू असते. अमेरिकेतील क्रीडावैद्यांनी १३-१४ वर्षांच्या मुलीने एका सामन्यात ८० हून अधिक व १० ते १२ वर्षांच्या मुलीने ६५ हून अधिक चेंडू टाकू नयेत अशी मर्यादा सुचविली आहे. चौकशी करता असे दिसले की आमची मुलगी सामना नसलेल्या दिवशीही दीडशेच्या आसपास चेंडू टाकीत होती, कारण कोणी मोजीतच नव्हते.

आता तिचा धाकटा भाऊ मोजतो. त्याच्यापाशी एका डब्यात ८० चिंचोके असतात. चेंडूगणिक एक चिंचोका तो दुसऱ्या डब्यात टाकतो. पहिला डबा रिकामा झाला की खेळ बंद. या अधिकाराचा त्याला एवढा अभिमान आहे की एकदा सरांनी “आणखी पाचच” म्हटले, तर तो डबा घेऊन घरीच निघून गेला. दुसऱ्या पिचरची सोयही झाली आहे. संघात मागे उभी राहणारी एक डावखुरी मुलगी चुन्याच्या रेघेवरच्या उड्या रोज गंमत म्हणून मारीत होती. तिच्या उड्या आमच्या मुलीपेक्षाही सरळ पडत होत्या. सरांनी तिच्या हाती चेंडू दिला आहे. आमच्या मुलीस हे पाहून दोन दिवस जेवण गोड लागले नाही, असे माता म्हणते. ते साहजिक आहे. तिसऱ्या दिवशी मात्र तिनेच त्या मुलीस घड्याळाचे बारा आणि नऊ समजावून सांगितले.

घरातील मंडळींस आमची एक निराळी विनंती आहे. पिचर मुलीचा खांदा फक्त मैदानावर थकत नाही. भरलेला हंडा डोक्यावर चढवून तोच हात वर धरून ती घरी येते. दप्तर त्याच खांद्यावर. कपड्यांची बादली त्याच हाती. ज्या दिवशी तिने चेंडू टाकले, त्या दिवशी पाणी तिच्या भावाने आणले तर विहिरीस किंवा नळास काही अडचण वाटणार नाही. आमच्या मुलीच्या घरी हे प्रथम आजीस रुचले नाही. मुलगा हंडा उचलतो आणि मुलगी चेंडू टाकते, हे तिला उलटे वाटले. वडिलांनी रात्रपाळीवरून आल्यावर एक दिवस स्वतःच हंडा भरून आणला, तेव्हापासून त्या घरी हा वाद निघालेला नाही. जेवणाविषयी विशेष सांगावयाचे नाही: नाचणीची भाकरी, डाळ, अंडे, मासळी जे घरात असेल ते पोटभर, आणि रात्री नऊ तास झोप. परीक्षेच्या काळात झोप प्रथम कापली जाते, आणि दुखणे नेमके त्याच काळात उलटते.

दुखणे कोणते साधे व कोणते नव्हे, हेही मातांस कळावे. दुसऱ्या दिवशी दोन्ही मांड्या व पोटऱ्या ठणकल्या तर चिंता नको. पाय काम करीत आहेत, याचीच ती खूण आहे. परंतु खांद्याच्या पुढच्या बाजूस एका बोटाने दाखविता येईल असे दुखत असेल, रात्री झोपेतून जाग येत असेल, किंवा बोटांस मुंग्या येत असतील, तर चेंडू खाली ठेवावा व डॉक्टर गाठावा. मुलगी स्वतः सांगणार नाही. तिला वगळले जाण्याचे भय असते. म्हणून तिला “दुखतं का?” असे न विचारता केस विंचरताना तिच्याकडे पाहावे.

हे लिहीत असता निवडचाचणी नऊ दिवसांवर आली आहे. निवड करणारे काय ठरवितील ते आम्ही सांगू शकत नाही. दुसऱ्या शाळांतही चांगल्या मुली आहेत, असे ऐकतो. सरांनी ठरविले आहे की पहिले चार डाव आमची मुलगी टाकील व उरलेले डावखुरी. मुलीने ते मान्य केले आहे.

पाऊसपाण्यामुळे मैदान मिळत नाही, आमच्या मुलींनी सराव कोठे करावा, असे एका वाचकाने विचारले होते. ओटीवर किंवा पडवीत दोरी बांधून तिच्यावर जुनी जाड गोधडी टाकावी व आठ-दहा पावलांवरून तिच्यावर चेंडू टाकावा. चेंडू आवाज न करता खाली पडतो, कौले फुटत नाहीत व झोपलेले लहान मूल जागे होत नाही. एका संध्याकाळी तीस चेंडू पुरे. गोधडीवर कोळशाने गुडघ्याच्या उंचीस एक आणि छातीच्या उंचीस एक अशा दोन रेघा ओढाव्यात, म्हणजे नेम कळतो. गोधडी खालून मात्र मोकळी सोडावी. ताणून बांधली तर चेंडू उलटून अंगावर येतो.